हातगुण

युवराजने तो शब्द अगदी सहज उच्चारला. तो दारातच उभा होता, एक पाय आत, एक बाहेर, बोटात स्कूटरची किल्ली फिरवत. त्रिवेणीने पहिल्या टबावरचा थर्मोकोलचा तक्ता दोन्ही हातांनी उचलून धरला होता. तक्त्याच्या भोकांत लेट्यूसची रोपं बसवलेली, आणि खाली त्यांची मुळं लोंबत होती. ती पांढरीशुभ्र असायला हवी होती. ती गाळलेल्या चहाच्या चोथ्यासारखी झाली होती.

"परत?" युवराज म्हणाला. "अक्का, वाईट वाटून घेऊ नको, पण तुझा हातगुणच तसला आहे."

त्रिवेणीने तक्ता टबाच्या काठावर टेकवून एक मूळ चिमटीत धरलं आणि हलकंच ओढलं. वरचं आवरण मोज्यासारखं सरकून बोटांत आलं, मागे केसासारखा एक धागा राहिला. ही खूण तिला विद्यार्थिदशेपासून ठाऊक होती. पिथियम. साचलेल्या, गुदमरलेल्या पाण्यात फोफावणारा, बुरशीसारखा एक जीव. तो मुळं कुजवतो, आणि मग रोप पाण्यात उभं राहून तहानेनं मान टाकतं.

"हे रोगाचं लक्षण आहे," ती म्हणाली. "माझ्या हाताचं नाही."

"रोग येतोच कसा पण? बाकीच्यांच्या घरी येतो का?"

"बाकीच्यांच्या घरी लेट्यूस नाही, युवराज."

"तेच म्हणायलो मी," असं म्हणून तो हसला आणि जिना उतरून हैदराबादच्या बेगम बाजारातल्या आपल्या प्लास्टिकच्या दुकानाकडे निघून गेला. तो काय म्हणत होता ते त्यालाही सांगता आलं नसतं. पण शब्द मागे राहिला.

हातगुण. वैद्याच्या हाताला गुण असतो म्हणतात, सुगरणीच्या असतो, बागवानाच्या असतो. ज्याला तो नाही त्यानं करायचं काय, हे कुणी सांगत नाही. चूक असेल तर सुधारता येते. हात कुठे बदलून मिळतो? त्रिवेणीला राग आला तो याचा. वनस्पतींच्या रोगांवर तिने एम.एस्सी. केलं होतं, एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत पंधरा वर्षं काढली होती, आणि परदेशी मालकांनी कंपनी विकत घेऊन ती प्रयोगशाळा बंद केली तेव्हा रडत न बसता तिने ही खोली उभी केली होती. या सगळ्याचं उत्तर म्हणून तिच्या भावाजवळ हा एक शब्द होता.

तो शब्द नवा नव्हता, हे तर आणखी वाईट. ती कॉलेजात असताना तिने एकदा कैरीचं लोणचं घातलं होतं, पहिल्यांदाच. महिन्याभरात बरणीभर बुरा आला. तिने तेव्हाच सांगितलं होतं की कुणीतरी ओला चमचा बुडवला आहे. कुणी ऐकलं नाही. तेव्हापासून घरात कुठलाही समारंभ असो, कुणीतरी पानात लोणचं वाढताना विचारायचंच, "हे तिरूच्या हातचं नाही ना?" आणि सगळे हसायचे. लग्न झालं नाही तेव्हाही हाच विनोद निघाला. वडील, अण्णा, गेले तेव्हा निघाला नाही, पण शेवटची इंजेक्शनं तिनेच दिली होती, आणि कुणाकुणाच्या नजरेत तो तिला दिसला होता.

जुनं घर गौलीगुड्याचं. ते बिल्डरला दिलं तेव्हा बदल्यात हिमायतनगरला तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन फ्लॅट मिळाले. दोन्ही युवराजच्या नावावर झाले, कारण घरात पुरुष तो एकच. एकात तो बायकामुलांसह राहायचा, दुसऱ्यात आई सुशीलाबाई आणि त्रिवेणी. या दुसऱ्या फ्लॅटच्या मागच्या मोठ्या खोलीत तिची बाग होती. खिडक्यांना काळा कागद, वर ट्यूबलाइटच्या रांगा, एक जुना एसी. खाली प्लास्टिकचे चार रुंद टब, युवराजच्याच दुकानातले. टबात खत विरघळवलेलं पाणी, त्यावर तरंगणारे तक्ते, आणि प्रत्येक टबात मासे पाळणाऱ्यांकडे असतो तसला हवेचा पंप, बुडबुडे सोडणारा. माती नाही. आई पहिल्यांदा आत आली तेव्हा बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बिचारी. टेकायला जागाच नाही त्यांना."

गावात तेव्हा पिझ्झाची दुकानं निघत होती, माधापूरकडे काचेच्या इमारती वर चढत होत्या, आणि त्यात काम करणाऱ्या पोरांना कच्चा पाला खायची चटक लागली होती. त्रिवेणी सोमवारी आणि गुरुवारी सकाळी ऑटोत टोपल्या घालून चार-पाच ठिकाणी लेट्यूस पोचवायची. आता बंजारा हिल्सच्या एका मोठ्या हॉटेलचा शेफ खोली बघायला येणार होता. त्याला पसंत पडलं तर माल रोज जाणार होता. युवराजचा उत्साह तेव्हापासून वाढला होता. त्याआधी तो या खोलीला "अक्काचं मत्स्यालय" म्हणायचा.

उन्हाळ्यात एकदा मुळं कुजली होती. ते त्रिवेणीला समजलं होतं. वीज जायची, एसी बंद पडायचा, पाणी तापायचं. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. तिने कोल्ड्रिंकच्या मोठ्या बाटल्यांत पाणी गोठवून त्या टबांत सोडल्या, पंपांना बॅटरी जोडली, आणि प्रश्न सुटला. पण दसऱ्यानंतर सुरू झालेली ही कूज वेगळी होती. हवा थंड. पाण्यात थर्मामीटर सोडला की पारा वीसच्या आसपास. पंप चालू. उजेड पाण्यापर्यंत पोचत नव्हता, त्यामुळे शेवाळही नव्हतं. चारही टबांना एकाच पिंपातलं पाणी, एकाच पुडीतलं बी. तरी कुजायचा तो दाराजवळचा पहिला टब. मग कधी कधी शेजारचा दुसरा.

तिने तो टब ब्लीचिंगच्या पाण्याने घासला, उन्हात वाळवला, पंप बदलला. पुन्हा कुजला. मग तिने पहिला टब उचलून चौथ्याच्या जागी नेला आणि चौथा दाराजवळ आणला. आठवड्याभरात तो चौथा कुजला, आणि पहिला तिकडे कोपऱ्यात छान हिरवागार. म्हणजे दोष टबात नव्हता, जागेत होता. आणि जागेत काय असणार? तिथे उजेड तोच, हवा तीच. पाण्याला एक आंबूस वास मात्र यायचा, घरातलाच, ओळखीचा, पण तो कशाचा ते तिला आठवता आठवत नव्हतं.

हे तिने हर्षदलाही सांगितलं, आणि ती चूक झाली.

हर्षद पुण्याचा. बिनमातीच्या शेतीच्या परदेशी उपकरणांची एजन्सी घेऊन तो हैदराबादला आला होता आणि युवराजला कुठल्याशा प्रदर्शनात भेटला होता. गळ्यात मोबाइल, खिशात तीन पेनं. खोलीत आल्यावर त्याने पहिल्यांदा एसीकडे बघितलं, मग ट्यूबलाइटांकडे, आणि रोपांकडे शेवटी.

"मॅडम, तुमचा प्रयत्न कौतुकास्पद आहे," तो म्हणाला. "म्हणजे घरगुती पातळीवर."

"टब हलवला तरी त्याच जागी कूज येते," त्रिवेणी म्हणाली. "तुम्हाला काय वाटतं?"

"त्याच जागी?" हर्षद हसला. "मग वास्तू बघून घ्या एकदा."

तो गंमत करत होता. युवराज करत नव्हता. "मी म्हणालोच होतो," तो गंभीरपणे म्हणाला. "दाराची दिशा."

"अहो नाही हो, शेठ. मूळकूज म्हणजे नव्वद टक्के ऑपरेटर एरर. माणूस बदलला की प्रश्न संपतो. आमची सिस्टीम बसवा, आमचा ट्रेन केलेला मुलगा ठेवा. मॅडमना काय, पॅकिंग वगैरे बघता येईल. लेडीजना पॅकिंग छान जमतं."

त्रिवेणी म्हणाली, "तुम्ही मूळ हातात घेऊन बघितलंत का?"

"गरज नाही. रंगावरून कळतं."

"मी तुम्हाला रंग विचारला नाही. कारण विचारलं."

हर्षदने युवराजकडे बघितलं, आणि दोघे पुरुष तिच्या डोक्यावरून एकमेकांकडे पाहून हसले. ते हसू तिच्या पाठीत शिरलं. प्रयोगशाळेत तिच्या वरिष्ठांनी तिचे निष्कर्ष खोडून काढले होते, कधी बरोबर, कधी चूक; पण कागद वाचून खोडले होते.

संध्याकाळी युवराज चहाला आला तेव्हा निर्णय घेऊनच आला होता. "शुक्रवारी हर्षद मापं घ्यायला येणार आहे. तोवर ते कुजलेले टब रिकामे करून ठेव. आणि खोलीची चावी त्याला दे."

"चावी?"

"शेफ यायच्या आत सगळं नवं पाहिजे. तू काय घरातच आहेस की. कुणी काढून टाकायलंय का तुला? लाइट घे, अक्का."

हे हैदराबादेतल्या पोराटोरांचं बोलणं त्याने उचललं होतं. काहीही झालं की लाइट घे. त्रिवेणीने आईकडे बघितलं. सुशीलाबाई गॅसपाशी उभ्या होत्या. त्यांनी गाळणीतला चोथा आपटला आणि म्हणाल्या, "साखर पुरे का रे?"

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी त्रिवेणी टब रिकामा करायला बसली. आपल्याच हातांनी आपली हकालपट्टी साफसूफ करून ठेवायची, हे काम तिला दिलं होतं, आणि ती ते नीट करणार होती, कारण काम वाईट करणं तिला येतच नसे. तिने नळी लावून पाणी न्हाणीत सोडलं. मुळांच्या चिंध्यांनी मोरी तुंबू नये म्हणून नळीच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलं. पाणी उतरत गेलं. तळाशी चिकट गाळ होता. शेवटचा तांब्याभर उरला तेव्हा तिने टब तिरका केला, फडकं सोडलं आणि फेकून देण्याआधी, सवयीने, उघडून बघितलं.

तपकिरी लगद्यात तांदळाचे तीन दाणे होते. फुगलेले, गुलाबी. बोटाने चोळल्यावर कुंकवाचा रंग बोटाला लागला. त्यांच्याखाली बेलाचं अर्धं पान, देठासकट.

आणि त्याच क्षणी तिला तो वास ओळखू आला. नासलेल्या दुधाच्या भांड्याचा वास. सणाच्या दुसऱ्या दिवशी तांब्याच्या ताम्हनाला येतो तो.

ती फडकं तसंच ओंजळीत धरून बाहेर आली. खोलीच्या दारालगतच, पॅसेजमध्ये, भिंतीला आईचं देवघर टांगलेलं होतं. त्यात अण्णांच्या काळापासूनचा शंकर. दर सोमवारी युवराज सोवळं नेसून समोरच्या फ्लॅटमधून यायचा, अभिषेक करायचा, आणि मग दुकानात जायचा. दर सोमवारी त्या वेळी त्रिवेणी ऑटोत टोपल्या घेऊन बसलेली असायची. देवघरापासून दाराजवळचा टब दोन पावलांवर होता.

सुशीलाबाई स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होत्या.

"आई, सोमवारी अभिषेकाचं पाणी कुठं जातं?"

"कुठं म्हणजे? तुझ्या टाकीत की."

"माझ्या टाकीत."

"मग काय करावं माय? मोरीत ओतावं का देवाचं तीर्थ? पायदळी येतं. गौलीगुड्याला पारिजातक होता. इथं बाल्कनीत कुंड्या होत्या, तर दिवाळीच्या मालाच्या बादल्या ठेवायला म्हणून युवराजनं त्या काढल्या. मीच म्हणले त्याला, तिरूच्या झाडांना घाल. ती तरी काय, रात्रंदिवस नुसतं औषधाचं पाणी पितात."

"नुसतं पाणी घालतो का? का दूधही?"

"पंचामृत आहे ते. दूध, दही, तूप, मध, साखर." सुशीलाबाईंनी मान वर केली. "पाच असतातच. आपल्या घरी कधी कमी पडलं नाही."

त्रिवेणी दाराच्या चौकटीला टेकली. दोन महिने. दोन महिने ती पारा बघत होती, पंप बदलत होती, हात स्पिरिटने पुसून पुसून कातडी सोलून घेत होती, आणि दर सोमवारी तिच्या टबात दूध-साखर पडत होती.

"मला सांगितलं का नाहीस कधी?"

"विचारलंस का तू? तू तुझा काचेचा दांडा पाण्यात घालून बघत बसतीस. आम्हाला कोण विचारतंय?" आईच्या आवाजातही राग होता, आणि तो खोटा नव्हता. मग त्या मवाळ झाल्या. "त्याचा भाव आहे गं. तुझा धंदा चालावा म्हणून ओततो तो. वर हात जोडतो."

हात जोडतो. त्रिवेणीला हसू आलं नाही. ज्या तोंडाने तो टबासमोर मंत्र पुटपुटला त्याच तोंडाने तो तिचा हातगुण काढत होता.

शुक्रवारी दोघे आले. हर्षदने आत शिरताच पोलादी टेप काढली आणि भिंतीला लावली. "पंधरा फूट," तो स्वतःशी म्हणाला.

"टेप ठेवा," त्रिवेणी म्हणाली. "आई, तू पण ये."

तिने स्टीलच्या ताटलीत ते फडकं ठेवलं होतं, पसरून, डाग आणि दाण्यांसकट. ताटली तिने युवराजपुढे धरली.

"हे ओळख."

"अक्षता आहेत. कुठल्या?"

"दाराजवळच्या टबातल्या. सोमवारच्या."

युवराज बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य आलं, आणि त्यामागून लगेच आवेश. "मग? देवाच्या तीर्थानं कुजतं का कुठं? गौलीगुड्याच्या पारिजातकाला सारं आयुष्य घातलं आपण. अंगणभर सडा पडायचा!"

"तिथं माती होती," त्रिवेणी म्हणाली. ती सावकाश बोलत होती. "मातीत लाखो जीव असतात. तांब्याभर दूध-साखर ते वाटून खातात, मुळाला त्रास होत नाही. इथं माती नाही. इथं नुसतं पाणी. त्यात साखर पडली की जे जंतू वाढतात ते पाण्यातली सगळी हवा खाऊन टाकतात. पंप कितीही बुडबुडे सोडो, पुरत नाहीत. वर तुझ्या तुपाचा तवंग. मूळ गुदमरतं, आणि गुदमरलेल्या मुळात पिथियम शिरतो. आणि तो पिथियम आणला कुणी, तर बेलाच्या पानानं. ते झाडाखालून उचललेलं असतं, मातीसकट."

"बघा शेठ!" हर्षद पटकन म्हणाला. "मी म्हटलं होतं. ऑपरेटर एरर."

"म्हटलं होतंत," त्रिवेणी त्याच्याकडे वळली. "आता ऑपरेटर बघून घ्या."

हर्षदने टेप आवरायला सुरुवात केली. ती सळकन् आत गेली.

युवराज डोकं खाजवत हसला. "हे लेकाचं असं होतं होय! बरं, मग मिटलं की. नाही ओतणार. लाइट घे, अक्का. मी काय मुद्दाम केलं का?"

"मी मुद्दाम केलं होतं का?"

"तसं कोण म्हणतंय?"

"माझा हात आहे असं वाटलं तेव्हा तू चावी मागितलीस. तुझा निघाला तर लाइट घे? माझा असला तर गुण, तुझा असला तर भाव?" तिचा आवाज चढला नाही. ताटली तिने आणखी पुढे सरकवली, आणि तांदळाचा एक दाणा घरंगळून काठाशी आला. "दोन महिने मी प्रत्येक गोष्ट तपासली. एक तपासली नाही, कारण या घरातलं माणूस मला न सांगता माझ्या पाण्यात हात घालील असं मला वाटलं नाही. तू तर काहीच तपासलं नाहीस. तुझ्याजवळ शब्द तयार होता."

"जाऊ दे ना तिरू," सुशीलाबाई म्हणाल्या. "परक्या माणसासमोर..."

"परक्या माणसासमोरच त्यानं मला पॅकिंगला बसवलं, आई. शब्द परत घे, युवराज. इथंच."

"शब्द काय परत घेतात का? काय उसना आणलेला तवा आहे?"

"मग मी जाते. शेफ आला की त्याला तू दाखव. पान कसं धरायचं तेवढं शिकून ठेव."

"टब माझ्या दुकानचे आहेत," युवराज म्हणाला, आणि म्हटल्यावर त्यालाच ते लहान वाटलं असावं. त्याने नजर वळवली.

"टब ठेव. एसी ठेव. खोली तुझ्या नावावर आहे, ती पण ठेव. हे दोन मात्र मी नेते," तिने ताटली खाली ठेवून दोन्ही तळहात त्याच्यासमोर धरले. स्पिरिटने ते लाल होऊन भेगाळले होते. "यांना गुण नाही, त्यामुळे तुझं काही अडणार नाही."

युवराज त्या हातांकडे बघत राहिला. मग त्याने हर्षदकडे बघितलं. "तुमचा मुलगा किती दिवसांत पीक काढील हो?"

"सिस्टीम यायलाच तीन महिने, शेठ. मग ट्रायल. मग..." हर्षदने खांदे उडवले. "तसं मॅडमना बेसिक्स माहीत आहेत."

युवराजने खिशातून किल्ली काढली, परत ठेवली.

"बरं," तो म्हणाला. "माझं चुकलं."

"चूक कुणाचीही होते. शब्द."

"हातगुण वाईट नाही तुझा. झालं?"

"हातगुण नसतोच. धुतलेला हात असतो आणि न धुतलेला असतो. म्हण."

"आता हे पण म्हणू का? शाळेत आहे का मी?" पण तो म्हणाला, जमिनीकडे बघत, अर्धं गिळून. हर्षद तेवढ्यात जिन्यापर्यंत पोचला होता.

त्या रविवारी दुकान बंद होतं. त्रिवेणीने युवराजला बोलावलं आणि टबापाशी बसवलं. त्याने कुरकुर केली, घड्याळ काढलं, आणि ब्लीचिंगच्या पाण्यात ब्रश बुडवून घासू लागला. "कोपरे," ती म्हणाली. त्याने कोपरे घासले. "नळीच्या आतून." त्याने नळीतून तार फिरवली. दाराजवळच्या टबातली रोपं सगळी गेली होती. दुसऱ्यातल्या काहींची मुळं वरच्या बाजूला अजून पांढरी होती. ती तिने वेगळी काढली, कुजका भाग उकळलेल्या कात्रीने छाटला, आणि रोपं हायड्रोजन पेरॉक्साइडच्या पातळ पाण्यात धरली. मुळांवर बारीक फेस आला.

"हे काय उकळायलंय?" युवराजने न राहवून विचारलं.

"कुजकं जळतंय. जास्त झालं तर चांगलंही जळेल."

मग नवं पाणी, नवं खत, पंपाच्या नळ्यांना बुडबुडे सोडणारे नवे सच्छिद्र दगड. तक्त्यांच्या फटींवर तिने काळी पट्टी चिकटवली. सोमवारी सकाळी अभिषेक झाल्यावर युवराज तांब्या घेऊन पॅसेजमध्ये उभा राहिला, उघड्या अंगाने, काय करावं न कळून. सुशीलाबाईंनीच सांगितलं, "खाली वॉचमनच्या खोलीमागं कडुनिंब आहे."

"तीन मजले उतरू? सोवळ्यात?"

"लिफ्ट आहे की."

तो गेला आणि परत आला. "वॉचमन म्हणतो, सेठजी कैकू इत्ता परेशान होते, मेरेकू दे देव," तो म्हणाला आणि बहिणीकडे बघून थांबला. "राग गेला का, अक्का?"

"नाही," त्रिवेणी म्हणाली. तिने खोलीला कुलूप लावलं, चावी पर्समध्ये टाकली आणि टोपल्या उचलल्या.

शेफ आला, त्याने एक पान तोंडात टाकून सावकाश चावलं, आणि बुधवारपासून माल मागितला. ते सगळं व्यवस्थित झालं. तरी राग तसाच होता. युवराज समोर आला की तो तिला जाणवायचा, चपलेत आलेल्या खड्यासारखा.

संक्रांतीला सुशीलाबाईंनी हळदीकुंकू केलं. वाण म्हणून त्यांनी लेट्यूसच्या जुड्या लुटायचं ठरवलं. बायका त्या कुरकुरीत पाल्याकडे संशयाने बघत होत्या. "हे शिजवायचं का कसं?" एकीने विचारलं. सावित्रीबाई, गौलीगुड्याच्या जुन्या शेजारीण, जुडी नाकाशी नेऊन हसल्या.

"तिरूच्या हातचं का? बुरा नाही नं यायचा? लोणच्यासारखा?"

बायका हसल्या. त्रिवेणी तिळगुळाचा डबा घेऊन दारात आली होती, तिथेच उभी राहिली.

"त्या लोणच्यात ओला चमचा युवराजनं घातला होता," सुशीलाबाई म्हणाल्या. अत्तर लावताना म्हणाल्या, न थांबता, पुढच्या बाईचा हात हातात घेत. "तिरूचं काही नव्हतं त्यात."

मग कुणीतरी तिळाच्या भावाचं काढलं.

बायका गेल्यावर त्रिवेणीने स्वयंपाकघराचं दार लोटलं.

"तुला ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं की. पाणी प्यायच्या पेल्यातला चमचा काढून त्यानं बरणीत घातलेला मीच बघितला."

"आणि इतकी वर्षं..."

"अण्णांनी मारलं असतं त्याला. लहान होता. तुला कुणी मारलं का सांग बरं? नुसतं हसायचे. हसून काय अंगाला भोकं पडतात?"

त्रिवेणीने ओट्यावरच्या वाट्या एकात एक घातल्या. तिच्या हातांना अत्तराचा वास येत होता.

"मी त्यानंतर लोणचं घातलं नाही, आई," ती म्हणाली. "तुझ्या लक्षात तरी आलं का?"